कागदावरचा ताप

माझ्या मुलीला वर्षातून नऊ-दहा वेळा ताप यायचा. घरात तो कुणाला कधी दिसला नाही. त्या दिवशी ती शाळेत जायची, खो-खो खेळून गुडघे फोडून घ्यायची आणि रात्री एक पोळी जास्तच खायची. ताप यायचा तो माझ्या ऑफिसच्या रजेच्या अर्जात. ‘मुलीला बरं नसल्यामुळे आज येऊ शकत नाही’ हे वाक्य मी मोबाइलवर इतक्यांदा टाइप केलं होतं, की ‘मु’ लिहिताच पुढचं सगळं तो आपणहून सुचवायचा. आजारी असायचे मी. बाथरूमच्या दाराशी फरशीवर बसून, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून हा निरोप जायचा.

खोटं बोलायची हौस नव्हती. सुरुवातीला खरं लिहून पाहिलं. ‘पोटात फार दुखतंय’ला उत्तर आलं, ‘गोळी घ्या, दुपारपर्यंत या.’ मग ‘पित्त’ झालं. पित्तावर ऑफिसातल्या तिघांनी तीन औषधं सांगितली आणि साहेबांनी रजा अर्ध्या दिवसाची केली. मुलीचा ताप म्हटल्यावर मात्र साहेबांचे हात जोडलेले, वर ‘काळजी घ्या’. हुकमी पत्ता सापडला. लोकलमध्येही तोच चालला. डोंबिवलीची सकाळची गाडी, लेडीज डब्यात कडीला लटकलेली मी, पोट फुगून आलेलं. समोरच्या मावशींनी डोळ्यांनीच विचारलं, ‘दिवस आहेत का?’ मी मान हलवली. झटकन जागा मिळाली. घाटकोपरला उतरताना मावशी म्हणाल्या, ‘जपून गं.’ इतकी शरम मला कधी वाटली नव्हती, आणि त्या महिन्यात इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

दोन्हीकडे जे मिळालं ते लेकराच्या नावावर. एकदा असलेल्या, एकदा नसलेल्या.

दुखण्याला नाव मिळालं तेव्हा मी ३४ वर्षांची होते. सोनोग्राफीचा कागद हातात धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘डाव्या बाजूला चॉकलेट सिस्ट आहे, एंडोमेट्रिओसिस दिसतोय.’ पहिलीतली मुलगी शेजारी बसली होती. तिनं त्यातला तिला हवा तो शब्द उचलला आणि घरी येईपर्यंत विचारत राहिली, की चॉकलेट पोटात गेलं कसं. प्रश्न बरोबर होता. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाबाहेर होते, अंडाशयावर, गर्भनलिकांवर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर, मूत्राशयावर. महिन्याच्या चक्रात संप्रेरकं जशी आतल्या अस्तराला हलवतात तशी हिलाही हलवतात. आतलं अस्तर पाळीवाटे बाहेर पडतं, हिला वाट नसते. मग सूज, व्रण, अवयव एकमेकांना चिकटणं. अंडाशयात जुनं रक्त साठून घट्ट तपकिरी होतं, म्हणून ते नाव. अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरानं १९२१ मध्ये अशा गाठींवर लिहिलं तेव्हापासून ते चालत आलंय. हे सगळं होतं कशामुळे, यावर शंभर वर्षांनंतरही डॉक्टरांचं पुरतं एकमत नाही. पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं हे सॅम्पसननंच मांडलं, पण तसं पुष्कळ बायकांचं जातं आणि त्यातल्या थोड्यांनाच हा आजार होतो.

थोड्या म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के मुली आणि बायका, जगभरात १९ कोटी. आणि पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत ४ ते १२ वर्षं जातात असंही तीच संघटना सांगते.

ही वर्षं जातात कुठे, याचा हिशेब माझ्याकडे आहे. कॉलेजात असताना आत्या म्हणाली, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, एक मूल झालं की मोकळं होतं सगळं. त्या वाईट नव्हत्या. ओवा शेकून त्यांनीच पोटाला बांधला. गरोदरपणात पाळी नसते, त्यामुळे पुष्कळ जणींना तेवढे महिने आराम पडतो, मलाही पडला. म्हणून तर ही समजूत इतकी चिवट. मूल अंगावरचं सुटलं आणि दुखणं परत आलं, आता सोबत थकवा घेऊन. आठ तास झोपून उठल्यावर पायऱ्या चढवत नाहीत असा थकवा. पण तोवर मी ‘मूल असलेली बाई’ झाले होते, आणि इथे एक विचित्र गंमत आहे. या आजाराकडे आपल्या दवाखान्यांचं लक्ष जातं ते बहुधा दिवस जात नाहीत तेव्हा. दोन डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, ‘मूल आहे ना?’ आहे म्हटल्यावर त्यांच्या लेखी फाइल मिटली. शौचाला दुखतं का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, हे कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन हे सांगणाऱ्या बायका आपल्याकडे किती?

सांगितलं तरी ऐकलं जाईलच असं नाही. इंग्रज कादंबरीकार हिलरी मँटेल पुढे दोनदा बुकर जिंकली, पण विशीत तिचं दुखणं मनाचं ठरवून तिला मानसोपचाराची औषधं दिली गेली. नवऱ्याबरोबर बोट्स्वानात असताना तिनं वैद्यकाच्या पुस्तकात लक्षणं वाचून आपला आजार आपणच ओळखला. २७व्या वर्षी लंडनमध्ये गर्भाशय आणि अंडाशयं काढली, आणि त्यानंतरही आजार परतला. ‘पिशवी काढून टाका, सुटाल’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहज दिला जातो म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली. पिशवीबाहेर वाढणाऱ्या आजाराला पिशवी काढणं हा हमखास उतारा नाही.

आणि पिशवी निघाली म्हटल्यावर बीड आठवतंच. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांतल्या किती जणींना हा आजार होता हे मला ठाऊक नाही, आणि तो मुद्दाही नाही. मुद्दा खाड्याचा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातल्या एकानं दिवस पाडला की खाडा, आणि खाड्याला मुकादम उचलीतून पैसे कापणार. दर महिन्याला दोन दिवस खाडा पाडणारा अवयव ठेवायचा कशाला, असा तो हिशेब. माझ्या ऑफिसला एसी आहे, मुकादमाला तिथे मॅनेजर म्हणतात, मला कुणी पोट कापायला लावलं नाही. त्या बायकांच्या शेजारी स्वतःला बसवायचा मला हक्क नाही. पण हजेरीचं पुस्तक दोन्हीकडे एकच भाषा बोलतं. बाई हजर असते किंवा तिचा खाडा असतो. हजर राहून, टेबलाच्या खणातली गोळी चावून, अर्धी मीटिंग दाताखाली ओठ धरून काढलेल्या दिवसाला त्यात रकाना नाही.

डॉक्टरीणबाईंनी दुखण्याची नोंद ठेवायला सांगितलं. कशात ठेवायची? आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्याच्या चौकोनात दूधवाल्याचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, कामवाल्या ताईंची सुट्टी असं सगळं असतं. तिथेच दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायला लागले, आणि त्या दिवशी काय करायचं राहिलं ते एका शब्दात. ‘डबा.’ ‘पालकसभा.’ ‘केस’, म्हणजे मुलीच्या वेण्या घालायच्या राहिल्या. तीन महिन्यांनी ती पानं पुढ्यात मांडली तेव्हा दिसलं, की दुखणं पाळीच्या दोन दिवस आधी सुरू होतं आणि मी गोळी घेते ती ते आठ-नऊवर गेल्यावर. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. आधी, आणि पोटात काहीतरी खाऊन. एवढ्यानं निम्मी लढाई मिटली असं म्हणणार नाही, पण ऑफिसला जाण्याचे दोन दिवस वाढले. कुठली गोळी हे मात्र शेजारणीला विचारून ठरवू नये. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे घरोघरी घेतली जाणारी मेफेनामिक ॲसिडची गोळीच पाहा. तिच्या क्वचित होणाऱ्या पण गंभीर प्रतिक्रियेबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये सावध केलं होतं.

मग रोजची संप्रेरकाची गोळी आली, डायनोजेस्ट. रात्री साडेनऊला, रोज त्याच वेळी. पहिले काही महिने अधूनमधून डाग आणि चिडचिड. मुलीनं एकदा विचारलं, ‘आज तू कुठली आई आहेस?’ आता तीच साडेनऊला पाण्याचा पेला आणते. दुर्बिणीतून ऑपरेशन हा मार्ग आहे, माझं अजून झालेलं नाही. ते कुणी, केव्हा, किती करायचं हा डॉक्टरशी बसून ठरवायचा विषय. एक गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक हवी. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे आजार नाही असं नसतं; गाठ दिसते, पोटाच्या आवरणावरचे बारीक ठिपके दिसत नाहीत. आणि आजाराचा पसारा नि दुखणं यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. ठिपक्याएवढ्या आजारानं एखादी लोळते, आणि मोठी गाठ घेऊन एखादी निवांत असते.

घरची गोष्ट सांगायला अवघड. माझा नवरा मदत करणारा आहे, आणि अडचण नेमकी त्या शब्दात होती. दुखण्याच्या सकाळी तो दाराशी येऊन विचारायचा, ‘सांग, काय करू?’ मग मी भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या सांगायची: ओट्याखालचा डावा कप्पा, निळा डबा, नाही, झाकण वेगळं आहे, आज बुधवार म्हणजे पीटीचा ड्रेस, रिक्षावाल्या काकांना फोन कर. दहा गुणांचं दुखणं आणि वर मुकादमी. एका रविवारी कालनिर्णय काढून ठरवलं, की तारखेच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस सकाळ त्याची. मला दुखो न दुखो. त्या सकाळी मला काही विचारायचं नाही आणि मी उठून बसले तरी स्वयंपाकघरात यायचं नाही. पहिल्या महिन्यात मुलगी पीटीचा ड्रेस न घालता शाळेत गेली. जगबुडी झाली नाही. कठीण गेलं ते मलाच. ‘करते बाई, सगळं करते’ हे कौतुक इतकी वर्षं मिळवलेलं; ते असं चार सकाळी सोडून द्यायचं म्हणजे पगार कापल्यासारखं वाटतं. आपल्या घरांत या आजाराला सगळ्यात जास्त कुणी सांभाळलं असेल तर या कौतुकानं.

मुलीला खरं सांगितलं ते त्यानंतर. ‘आईच्या पोटात दर महिन्याला दुखतं, चार दिवसांत कमी होतं, आणि ते तू काही केल्यामुळे नाही.’ शेवटचं वाक्य डॉक्टरीणबाईंनी घालायला लावलं होतं. ते ऐकून मुलीचा चेहरा ज्या रीतीनं सैल झाला, त्यावरून कळलं की तिनं मनात काय धरलं होतं. दुसरंही कारण आहे. आईला किंवा बहिणीला हा आजार असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता वाढते. सहा-सात वर्षांनी तिची पाळी सुरू होईल. ती कळवळली आणि मी ‘आमच्याही वेळी असंच’ म्हणाले, तर आत्या, सासूबाई आणि मी, अशी साखळी पुरी होईल.

आता रजेचं. बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या बायकांना महिन्याला दोन दिवस आहेत. ओडिशानं २०२४ मध्ये एक दिवस दिला, कर्नाटकानं २०२५ मध्ये खाजगी कंपन्यांनाही लागू अशा वर्षाला १२ पगारी रजा मंजूर केल्या. सर्वोच्च न्यायालयापुढे जुलै २०२४ मध्ये हा विषय आला तेव्हा, अशी सक्ती केली तर बायकांना नोकरीच मिळणार नाही, अशी भीती सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी बोलून दाखवली आणि धोरण ठरवायचं सरकारवर सोपवलं. भीती खोटी नाही. ‘पाळी हा काही आजार नाही’ हेही खरंच; कावळा शिवला म्हणून बाईला कोपऱ्यात बसवणाऱ्यांना हे ऐकवण्यात दोन पिढ्या गेल्या. पण आता तेच वाक्य जिला खरोखर आजार आहे तिच्या तोंडावर मारलं जातं. पाळीची रजा आणि या आजाराची सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर खुशाल वाद घाला. दुसरीत वाद घालण्यासारखं काय आहे? मधुमेहाचा माणूस अकरा वाजता खातो, पाठीचं ऑपरेशन झालेल्याला वेगळी खुर्ची मिळते. तशी महिन्यातले दोन-तीन दिवस घरून काम करायची, उशिरा यायची मुभा.

आपल्या कायद्यांना गर्भाशय ठाऊक नाही असंही नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यानं बाळंतपणाबरोबर गर्भपातानंतर सहा आठवडे दिले आणि नसबंदीनंतरचे दोन आठवडेही पुढे त्यात आले. महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीत बाईला १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. सगळ्या हव्यातच. पण ओळीनं मांडल्या की दिसतं, की गर्भाशयाची दखल आहे ती मूल धरल्यावर, गेल्यावर, झाल्यावर किंवा नको म्हटल्यावर. ते नुसतंच दुखत असेल तर अर्ज कुठल्या नियमाखाली करायचा? म्हणून तर माझ्या मुलीला ताप यायचा.

गैरवापर होईल, असं लगेच कुणी म्हणेल. अहो, तो चालूच आहे. वर्षाला नऊ-दहा वेळा होतो, आणि तुमच्याच रजिस्टरात लिहिलेला आहे. आमच्या विभागात सतरा बायका आहेत. माझा आजार मी जेवणाच्या सुट्टीत एकदा नाव घेऊन सांगितला, तेव्हा दोघी मागून पॅसेजमध्ये येऊन म्हणाल्या, ‘माझ्या सासऱ्यांचं बीपी वाढतं दर महिन्याला.’ तिसरीच्या गावाकडे सतत काहीतरी निघत असतं. साहेबांना वाटत असेल, या बायकांची घरं म्हणजे नुसते दवाखाने.

धोरण येईल तेव्हा येईल. तुमच्या हाताखाली बायका काम करत असतील तर तोवर एवढं करा: एका दिवसाच्या रजेच्या अर्जातला ‘कारण’ हा रकाना खोडून टाका.